घाटापलीकडची नदी

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गगनबावड्याला गेलं की मला दरवेळी एकच गोष्ट भारी वाटते, इथं पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. अलीकडचं, म्हणजे कोल्हापूरकडचं पाणी कुंभी नदीतनं पंचगंगेत, नरसोबावाडीला कृष्णेत आणि मग थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला, आणि कड्यापलीकडं पडलेलं मात्र खाली कोकणात उतरून वाघोटण नदीतनं विजयदुर्गला अरबी समुद्रात!

मे महिन्यात भुईबावडा घाट उतरून खारेपाटणला गेलो तर वाघोटणच्या वरच्या बाजूला नुसते गोटे, मध्येच एखादी कोंड, म्हणजे डोह, तिच्यात हिरवं पाणी. आपल्याला पंचगंगेची सवय, त्यामुळं जीव कसनुसा झाला. पण कारण साधं आहे, घाट तीव्र, समुद्रापर्यंतची वाट लहान, त्यामुळं पावसाळ्यातलं पाणी थांबतच नाही, धडाधडा वाहून जातं. खाली मात्र नदी आटत नाही, खाडी होते, भरतीला खारं पाणी आत चढतं आणि ओहोटीला परत जातं. याच वाटेनं पूर्वी गलबतं खारेपाटणपर्यंत यायची, तिथनं माल घाटावर चढायचा.

आता जुलैत परत जाणार, तीच गोट्यांची नदी भरलेली बघायचीय.