परसातले रायवळ

आज आत्याकडे वेंगुर्ल्याला गेलेलो, हापूसची पेटी न्यायची म्हणून, पण दुपारभर बसलो ते परसातल्या रायवळ (गावठी) आंब्यांखाली. प्रत्येक झाडाला घरात नाव आहे, एक खोबरी, एक बिटकी, आणि एक शेप्या ज्याला खरंच शेपूचा वास येतो. (मला आवडतो, घरात बाकी कोणालाच नाही.) रायवळ कोयीपासून उगवतं ना, परागकण कुठल्या झाडाचे आले कोणाला माहीत, त्यामुळे प्रत्येक झाड वेगळंच निघतं. हापूसचं तसं नाही, कलम म्हणजे त्याच झाडाची कॉपी, म्हणून अख्ख्या कोकणात चव तीच आणि साक्याचं (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो ते) दुखणंपण तेच! तिथल्याच फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 मध्ये रत्ना आणला, त्यात साका होत नाही, मग रत्ना आणि हापूसपासून पातळ कोयीचा सिंधू. म्हणजे हापूसचं दुखणं घालवायला दुसऱ्या आंब्याकडेच जावं लागलं. आणि हापूसचं कलमसुद्धा बांधतात ते रायवळाच्याच रोपावर, मुळं त्याची, भाव मात्र ह्याला.

आत्या म्हणाली, "अरे बाजारात विचारत नाय कोण, पण सासव करूक हीच बिटकी व्हयी, हापूसाचा कसला सासव करतस?" (सासव म्हणजे आंब्याचं मोहरी-खोबऱ्यातलं कालवण.) शेजारच्यांनी दोन जुनी झाडं लाकडाला दिली म्हणे, हे ऐकून डोकंच फिरलं.

कोणाकडे जुना शेप्या असेल तर कळवा. कोय नको, काडी हवीय, पावसाआधी कलम बांधायचंय.