दोसुतीवरची आजी: डोळे एकदाचे बसले!

आजीच्या फोटोवरून एका छोट्या प्रोग्रामने (स्क्रिप्टने) दोसुतीवरच्या भरतकामाचा आराखडा काढते आहे; त्यात एक चौकट म्हणजे एक टाका. मागच्या नोंदीतला तो आराखडा १०० × १४० टाक्यांचा होता, १४ काउंटच्या (इंचाला १४ टाके बसणाऱ्या) कापडावर साधारण ७ × १० इंचांचा. केस, कुंकू, नऊवारीचा काठ सगळं ओळखू येत होतं, पण नजरेत जीव नव्हता. आज तो आला आहे!

अडचण अशी होती. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो १०० चौकटींत बसवला की एका टाक्याच्या वाट्याला १२ × १२ पिक्सेल येतात, आणि त्यांची सरासरी म्हणजे त्या टाक्याचा रंग. बाहुलीतला उजेडाचा ठिपका जेमतेम १० पिक्सेलचा. तो चार चौकटींच्या कोपऱ्यावर आला की चौघींत वाटला जातो आणि चारही टाके करडे होतात.

म्हणून स्क्रिप्टमध्ये जाळी आडवी-उभी एकेक पिक्सेल सरकवायची सोय केली. १२ × १२ म्हणजे १४४ जागा. सगळी चित्रं छोटी करून एका कागदावर छापली. फोटो एकच, पण एकीत आजी रागावलेली, दुसरीत पेंगुळलेली, तिसरीत हनुवटीच गायब! हे तुम्ही करून बघाच. तरीही उजवा डोळा जमला की डावा बिघडायचा. शेवटी दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं: ३०६ पिक्सेल, म्हणजे साडेपंचवीस चौकटी. ती अर्धी चौकट आहे तोवर जाळी कितीही सरकवा, दोन्ही ठिपके एकदम मधोमध यायचेच नाहीत. मग फोटोच ९८ टक्क्यांवर आणला, कडेची भिंत थोडी जास्त घेतली. अंतर झालं ३००, बरोबर पंचवीस चौकटी. आजी बघायला लागली!

एकटे पडलेले टाके शेजारच्या रंगात मिसळून टाकणारा भाग तुम्हीही वापरत असाल, तर डोळ्यांची जागा त्यातून वगळा. नाहीतर तो हाच ठिपका आधी खाईल. फ्लॉइड-स्टाइनबर्ग, म्हणजे मोजके रंग ठिपक्यांनी मिसळून मधल्या छटांचा भास करण्याची पद्धत, मी फक्त साडीवर ठेवली आहे. चेहऱ्यावर तिने नुसता रंगांचा सडा पडतो आणि दर टाक्याला दोरा तोडावा लागतो.

केसांचंही जमलं. काळ्यातली चंदेरी बट मळकट यायची, कारण फोटोतल्या आकड्यांत काळा ० आणि पांढरा २५५ यांची सरळ सरासरी १२८ येते. प्रत्यक्ष उजेडाच्या हिशेबात ती १८८ च्या आसपास हवी. आधी गॅमा काढला, म्हणजे फोटोतले आकडे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात आणले, मग सरासरी घेतली आणि बट चमकली.

दोऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे: पडद्यावरच्या रंगतक्त्यावर विसंबू नका. तपकिरी लड्या दुकानाबाहेर उजेडात नेऊन एकमेकींशेजारी धरा. गालांसाठी अँकरच्या तीन छटा अशाच निवडल्या.

मूळ फोटोत मागे शेजारच्या बाई आहेत. त्या ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर चौकटी न टाकता सरळ भिंतीचा रंग भरला. चौकटींनी चेहरा लपतोच असं नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या लिऑन हार्मन यांनी १९७३ मध्ये लिंकनचा मोजक्या चौकटींचा चेहरा दाखवला होता. डोळे बारीक करून किंवा लांबून पाहिलं की तो लगेच ओळखू येतो, कारण ओळख पटू देत नाहीत त्या चौकटींच्या धारदार कडा, आणि लांबून त्याच पुसट होतात. मजकुरावर तर चौकटींचा भरवसा मुळीच नको. त्यामागची अक्षरं शोधून काढणारं डीपिक्स नावाचं सॉफ्टवेअर २०२० मध्येच आलं.

हे लिहिता लिहिता वाटतंय, लांबून ओळख पटण्याची ही लिंकनची गंमत आजीसाठीही का वापरू नये? फक्त ३२ टाक्यांच्या रुंदीची आजी, जाड दोसुतीवर, लांबलचक बोळाच्या टोकाला. जवळून नुसते चौकोन, दारातून आजी. पदर भरायचं थांबवून आधी तिचा आराखडा काढते. दोन डोळ्यांमधलं अंतर तिथे आठच चौकटींचं येईल, म्हणजे मापही त्याच हिशेबाने धरायचं. नथ मात्र एका टाक्याची होईल. तिथे खरा मोती शिवला, तर लांबून तो उठून दिसेल की डोळ्यांवरचं लक्ष खेचेल? कुणी मणी वापरले असतील तर सांगा.