येताना काय आणू? तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळीच्या आधी महिनाभर आणि पुन्हा मे महिन्याच्या तोंडावर हा प्रश्न मला हमखास येतो. कुणाची मुलगी इथे फ्रान्समध्ये, ल्यों शहरात शिकायला आलेली असते आणि पहिल्यांदाच घरी निघालेली असते. कुणाचे आईवडील पंधरा दिवस पॅरिस-नीस बघून परत जाणार असतात. "ताई, इथल्या सुपरमार्केटमधून घरी नेण्यासारखं काय आहे?" मी नऊ वर्षं ल्योंमध्ये राहते आणि दर वर्षी कराडला जाते. तेवीस किलोच्या बॅगेत काय भरावं याचा विचार मी बराच केलाय, तेव्हा एकदाच नीट सांगते.

पहिली दोन वर्षं मी शोभेच्या वस्तू नेल्या. रंगीत माकारोंचे डबे, आयफेल टॉवरच्या आकाराची चॉकलेटं, लॅव्हेंडरच्या पिशव्या. माकारों प्रवासात चिरडले, चॉकलेटं मे महिन्याच्या उन्हात वितळून परत गोठली, आणि पिशव्या आईच्या कपाटात आजही तशाच आहेत. मात्र त्याच बॅगेत सहज टाकलेली मोहरीची एक बरणी महिन्याभरात संपली. तेव्हापासून मी हेच बघते की नेलेली वस्तू आपल्या कुठल्या पदार्थाला जाऊन मिळते. मिळत असेल तर ती संपते, नाहीतर शोकेसमध्ये बसते.

म्हणून सगळ्यात आधी मोहरीच. दिजोंची मोहरी, म्हणजे ती पिवळसर मऊ चटणीसारखी असते ती. इथे लोक ती मांसाबरोबर खातात, सॅलडच्या तेलात घुसळतात. आपल्याकडे तिची जागा मला आजीच्या हाताखाली सापडली. आजी काकडीच्या आणि केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून घालायची. पाट्यावर थोडं पाणी घालून मोहरी वाटायची आणि मग फेस येईपर्यंत घोटायची. नाकात झणका चढला की म्हणायची, "आता आली." मोहरीचा दाणा अखंड असतो तोवर त्याला झोंबरेपणा नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो नाकात चढणारा तिखटपणा तयार होतो. गरम तेलात ते विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही. दिजोंची मोहरी ही मुळात फेसलेली मोहरीच आहे. दाणाही बहुतेक आपल्याच राईच्या जातीचा असतो, फक्त पाण्याबरोबर व्हिनेगर आणि मीठ घातलेलं असतं. आईचे खांदे दुखायला लागल्यापासून आमच्या घरी कोशिंबिरीत हीच मोहरी पडते. दह्यात अर्धा चमचा, चिमूटभर साखर, मग काकडी. गरम काहीही त्यात घालायचं नाही, नाहीतर सगळा झणका उडतो. बरणी उघडली की फ्रिजमध्ये ठेवा.

नावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 'दिजोंची' हे कृतीचं नाव आहे, गावाचं नाही. ती कुठेही बनू शकते, आणि दाणे बहुतेक कॅनडातून येतात. 2021 च्या उन्हाळ्यात कॅनडात दुष्काळ पडला आणि 2022 मध्ये इथली फडताळं अक्षरशः रिकामी झाली. दुकानांत 'एका गिऱ्हाइकाला एकच बरणी' अशा पाट्या मी स्वतः पाहिल्या आहेत. दिजों ज्या प्रदेशात आहे त्या बूर्गोन्यच्या मातीतले दाणे हवे असतील तर बरणीवर 'मुतार्द द बूर्गोन्य' असं लिहिलेलं शोधा. त्या नावाला 2009 पासून भौगोलिक संरक्षण आहे. मात्र तिच्यात तिथली पांढरी वाईन असते. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी साधी दिजों घ्यावी, आणि तिच्याही घटकांत 'व्हँ ब्लाँ', म्हणजे पांढरी वाईन, लिहिलेलं नाही ना, ते पाहावं. अख्ख्या दाण्यांची 'आ लांसिएन' मोहरी दिसायला सुंदर असते, पण तिला झणका कमी. कोशिंबिरीसाठी ती नको.

दुसरी वस्तू माझी सगळ्यात लाडकी आहे: क्रेम द मारों, चेस्टनटचा गोड लगदा. ल्योंच्या दक्षिणेला आर्देश नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे चेस्टनटच्या झाडाला 'भाकरीचं झाड' म्हणत, कारण गहू न पिकणाऱ्या उतारांवर लोक त्याच फळाच्या पिठावर हिवाळा काढत. एकोणिसाव्या शतकात रेशमाच्या किड्यांवर रोग पडून तिथला रेशमाचा धंदा बसला. अशा काळात, 1882 मध्ये, क्लेमाँ फोजिए यांनी प्रिव्हा गावात पाकवलेल्या चेस्टनटचा कारखाना काढला. पाकवताना बरीच फळं मोडतात. त्या तुकड्यांचं काय करायचं, या विचारातून 1885 मध्ये साखर आणि व्हॅनिला घातलेला हा लगदा आला. मोडलेल्याला इतकी चांगली जागा देणारे लोक मला जवळचे वाटतात. आपल्याकडेही उरलेल्या पोळीची पहिल्यापासून सोय केलेली असतेच.

चव कशी, असं विचाराल तर उकडलेल्या रताळ्याच्या जवळची, पण अधिक दाट, मागे व्हॅनिला. आईनं पहिल्यांदा चाखून सांगितलं, "साखरांब्यासारखं पोळीशी लावता येईल." तसंच लावतो. दह्यात घालून तर फारच छान लागतं. आजीनं तिसऱ्या वर्षी विचारलं, उपासाला चालेल का? मी तिला सांगितलं की हे झाडाचं फळ आहे, आत फळ, साखर, ग्लुकोज आणि व्हॅनिला, धान्य काही नाही. तिनं चष्मा लावून डबा उलटा-सुलटा पाहिला आणि चतुर्थीला चमचाभर घेतला. तेव्हापासून एक डबा फक्त तिच्या नावाचा असतो. हा लगदा पत्र्याच्या डब्यात मिळतो आणि ट्यूबमध्येही मिळतो. ट्यूब 78 ग्रॅमची असते. वाटायला ट्यूब बऱ्या, घरासाठी डबा.

आता मीठ. "मीठ कुणी परदेशातून आणतं का?" असं मला पुष्कळ जण विचारतात. अटलांटिकच्या किनाऱ्यावर गेराँदला मिठागरं आहेत. मी तिथे गेले तेव्हा बांधावर उभं राहून मला पेण-उरणच आठवलं. तेच चौकोनी वाफे, तोच चिखलाचा वास, तसाच लांब दांड्याचा फावडा. तळातून ओढलेलं जाडं मीठ मातीमुळे करडं असतं. पण कोरड्या वाऱ्याच्या दुपारी पाण्यावर पातळ साय धरते, ती हलक्या हातानं वरच्यावर काढून घेतात. तिचं नाव फ्लर द सेल, म्हणजे मिठाचं फूल. ते किंचित ओलसर असतं, दाताखाली कुरकुरतं आणि चटकन विरघळतं. ते आमटीत घालणं म्हणजे वाया घालवणं आहे. पेरूच्या फोडीवर, कैरीवर, भाजलेल्या कणसावर लिंबू चोळल्यावर ते वरून घाला. एक लहान डबी वर्ष काढते. लक्षात ठेवा, या मिठात आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाचं मीठ बदलू नका.

मिठावरून लोण्याचं सांगते, कारण तेही सगळे विचारतात. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताचं खारट लोणी, ज्यात मिठाचे कण तसेच लागतात, ही या देशातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट असेल. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीच्या राजेशाहीत मिठावर 'गाबेल' नावाचा जबर कर होता, त्यातून ब्रिटनीला सूट होती. म्हणून तिथल्या लोकांनी लोण्यात मीठ घालताना हात राखला नाही, आणि ती सवय कर गेल्यावरही टिकली. पण लोणी आणि चीज मी घरी नेत नाही. भारतात उतरल्यावर भरायच्या सीमाशुल्काच्या अर्जात दुग्धजन्य पदार्थ आणि बियाणं-रोपं यांची वेगळी विचारणा असते. चोरून न्यावं इतकं कुठलंच लोणी मोलाचं नाही. इथे असेपर्यंत गरम ब्रेडवर भरपूर खा.

याच कारणानं मसूर मी नेत नाही, पण इथे नव्यानं राहायला आलेल्यांना तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ल प्युई या ज्वालामुखीच्या मातीतल्या प्रदेशाचा हिरवा मसूर 1996 पासून नावानिशी संरक्षित आहे. त्याचं साल पातळ असतं, भिजवावा लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो आणि शिजूनही दाणा मोडत नाही. कराड-इस्लामपूरच्या धाब्यांवरचा अख्खा मसूर ज्यांनी खाल्लाय त्यांना यापुढे मी काय सांगणार! कांदा-लसूण मसाला घरून आणलेला असेल तर ल्योंच्या थंडीत ती संध्याकाळ वाचते. मी गेल्या नऊ वर्षांत निदान वीस विद्यार्थ्यांना तो करायला शिकवलाय.

शाकाहारी घरांसाठी हे जरा काळजीपूर्वक वाचा. युरोपातल्या पाकिटांवर ॲलर्जी आणणारे घटक ठळक अक्षरात छापावे लागतात, त्यामुळे अंडं, म्हणजे 'उफ', आणि दूध, म्हणजे 'ले', लगेच दिसतं. पण जिलेटिन (ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात) आणि डुकराची चरबी त्या यादीत नाहीत. ती साध्या अक्षरात, ओळीच्या मधोमध असतात. मऊ, चघळायच्या गोळ्यांमध्ये 'जेलातीन' शब्द नेहमी शोधा. चरबीला 'सँदू' म्हणतात. लाल-गुलाबी गोळ्यांवर ई 120 दिसलं तर तो किड्यांपासून काढलेला रंग आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात पुतण्यांना वाटलेल्या गोळ्या नंतर जिलेटिनच्या निघाल्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचं फार वाईट वाटलं. दुकानात फोनवर भाषांतर करायला दोन मिनिटं लागतात, ती द्या.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. व्हॅनिला साखरेच्या पुड्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण 'व्हानिये' लिहिलेल्या घ्या. 'व्हानिलिने' म्हणजे कृत्रिम वास. कॉफी सोडलेल्या काकांसाठी उत्तरेकडची भाजलेली चिकोरी न्या. आपल्या फिल्टर कॉफीत मिसळतात तीच ही, इथे नुसतीच दुधात घेतात. एस्पलेतची बास्क मिरची सुंदर लाल आणि नावाजलेली आहे, पण संकेश्वरी खाणाऱ्या घरात ती तिखटच लागत नाही. नेऊ नका.

खरेदी शहराच्या मध्यातल्या छोट्या दुकानात करू नका, त्याच वस्तू बाहेरच्या मोठ्या दुकानात स्वस्त पडतात. किमतीच्या पट्टीवर खाली बारीक अक्षरात किलोचा भाव असतो, तोच बघा. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद होतात, म्हणून सोमवारी पहाटेचं विमान असेल तर शनिवारीच उरका. आणि मोहरी, जॅम, चेस्टनटचा डबा हे सगळं विमानतळावर द्रव धरतात. शंभर मिलिलिटरच्या वरचं काहीही हातातल्या पिशवीत ठेवलंत तर ते काढून घेतात. आजीच्या नावाचा एक डबा मी तसाच एकदा गमावलाय, आणि पुढच्या सबंध प्रवासात मला चैन पडली नाही. काचेच्या बरण्या मोज्यात घालून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा.

शेजारीपाजारी, सोसायटीत, ऑफिसात वाटायला नांत शहराची 'पती बर' नावाची लोण्याची बिस्किटं न्या. 1886 पासून ती तशीच आहेत. माझ्याकडच्या पुड्याच्या घटकांत अंडं नाही, कडा दातेरी आणि वर भोकं. दाते कोपरे धरून 52, म्हणजे वर्षाचे आठवडे. कोपरे चार, म्हणजे ऋतू. भोकं 24, म्हणजे दिवसाचे तास, असं इथे मुलांना सांगतात. माझी भाची सात वर्षांची आहे. ती दर वेळी बिस्किट हातात आलं की आधी ओट्यावर ठेवून बोटानं सगळे दाते मोजते, एखादा तुटलेला निघाला तर दुसरं मागते, आणि बावन्न भरल्यावरच चहात बुडवते.