रिक्षाच्या भंगारातून एटीव्ही: डिफरन्शियल शाबूत, ब्रेक ट्रॅक्टरसारखे

एटीव्हीची, म्हणजे चिखलात-चढावर कुठेही चालणाऱ्या हलक्या गाडीची, चेसिस आता स्वतःच्या चार चाकांवर उभी राहिली आहे. इंजिन जागेवर बसलं, पुढची चाकं वळायला लागली, मागचं सस्पेन्शन मोकळं खेळतंय. वायरिंग, सीट आणि ब्रेकची पाइपलाइन बाकी आहे. ब्रेकचाच विषय सगळ्यात जास्त डोक्यात घोळतोय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमचं रान कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तांबडी माती आणि धो धो पाऊस. जून ते सप्टेंबर वरच्या तुकड्यापर्यंत दुचाकी जात नाही आणि ट्रॅक्टर नेला तर वाट फुटते. खताचं एक पोतं, फवारणीचा पंप आणि एक माणूस एवढं वर नेईल अशी हलकी गाडी हवी होती. रस्त्यावर ती आणायची नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, आणि घरी बनवलेल्या अशा गाडीची नोंदणी होणं जवळपास अशक्य. त्यामुळे ही बांधाच्या आतलीच.

बहुतेक जण अशा कामाला मोटरसायकलचं शंभर किंवा दीडशे सीसीचं इंजिन घेतात. मी बजाजच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल रिक्षाचं घेतलं आणि अजूनही वाटतं की आपल्याकडे यापेक्षा योग्य भंगार मिळणार नाही. एक तर इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची जोडणी) एकाच गठ्ठ्यात येतात. दुसरं, रिव्हर्स आहे. चिखलात तोंड घातलेली गाडी मागे खेचायला रिव्हर्स नसेल तर उतरून ढकलावी लागते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोटरसायकलचं एअरकूल्ड इंजिन थंड होतं ते धावताना लागणाऱ्या वाऱ्यावर. पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं चढ चढताना तो वारा कुठून येणार? रिक्षाच्या इंजिनाला स्वतःचा पंखा आणि वरून पत्र्याचं आवरण असतं, म्हणून ते उभ्या जागीही थंड राहतं. हे आवरण अवघडीचं वाटतं म्हणून कुणी काढू नका.

रिक्षाचं हँडलही पूर्ण घेतलं. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर. पायाला ब्रेकशिवाय काही उरत नाही, त्याचा पुढे उपयोग आहे. केबल मात्र सगळ्या नव्या. भंगारातून लोखंड घ्यायचं. केबल, बेअरिंग, रबरी वायशर आणि टाय-रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) गोळे दुकानातून नवे आणायचे, हा माझा नियम आहे. आणि इंजिन घेताना कोणत्या गाडीचं उतरवलं त्याचे कागद आणि पावती मागून घ्या. नंबर घासलेलं इंजिन फुकट दिलं तरी नको.

आता चाकं. रिक्षाचा ४.००-८ टायर साधारण ४१५ मिमी उंच. मारुती ८०० चा १४५/७० आर१२ बसवला की उंची ५०८ मिमी होते, म्हणजे जमिनीपासूनची मोकळीक साडेचार सेंटिमीटरनं वाढते. याची किंमत अशी की गिअरिंग सुमारे २२ टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, आणि ओढ सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. पण हे इंजिन चालक धरून चार माणसं आणि वर टप, काच, पत्रा ओढायला बनलेलं आहे. आमच्या गाडीत यातलं काहीच नाही, म्हणून हा सौदा मला पटला.

रिक्षाच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) मारुतीची रिम थेट बसत नाही. मधे १२ मिमी जाडीची गोल प्लेट लागते. ती शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. टर्नर दादांनी आधीच बजावलं, "प्लेटीला पायरी दे. भार पायरीवर बसू दे, बोल्टाला नुसतं धरायचं काम." म्हणजे हबचा मधला गोल प्लेटीत आणि प्लेटीची पायरी रिमच्या मधल्या भोकात नेमकी बसली पाहिजे. तसं नसेल तर प्रत्येक खड्ड्याचा दणका स्टडवर, म्हणजे चाक धरणाऱ्या बोल्टांवर, जातो आणि स्टड एक दिवस तुटतात.

पुढच्या चाकांसाठी मारुतीच्या मागच्या एक्सलची दोन टोकं कापून घेतली, हब आणि ड्रमसकट. कापताना गॅस कटर वापरला नाही, करवतीनंच कापलं; बेअरिंग बसतं त्या जागेला तापवायचं नव्हतं. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) गनमेटलचे बुश आणि ग्रीस निपल. किंगपिन मागे ८ अंश कलता ठेवला आहे, त्यामुळे हँडल सोडलं की चाकं आपोआप सरळ होऊ पाहतात.

स्टिअरिंगची भूमिती मी कोब्यावर खडूनं आणि लाइनदोरीनं काढली. किंगपिनपासून स्टिअरिंगच्या आर्ममधून दोरी मागे ताणायची. दोन्ही दोऱ्या मागच्या एक्सलच्या मध्याशी मिळाल्या पाहिजेत. मग वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि टायर घासत नाहीत. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली आहे: म्युनिकच्या लांकेनस्पेर्गरनं शोधली आणि अ‍ॅकरमननं १८१८ मध्ये लंडनला तिचं पेटंट घेतलं. दुसरी काळजी टाय-रॉडच्या आतल्या टोकाची. ते ए-आर्मच्या (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या हाताच्या) आतल्या बिजागऱ्यांच्या रेषेत हवं, नाहीतर चाक वर-खाली होताना आपोआप वळत राहतं. चाकाखाली जॅक लावून पूर्ण खेळवून पाहिलं, चाक दिशा सोडत नाही.

सांगाड्याला एक इंची काळा पाइप वापरला. बाहेरून ३३.७ मिमी, सगळीकडे ३.२ मिमी जाडीचा, फक्त इंजिनाच्या पाळण्याला ४ मिमीचा. पांढरा जीआय पाइप स्वस्तात मिळाला तरी त्यावर थेट वेल्डिंग करू नका, जस्ताच्या धुरानं थंडीताप भरतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला भेटलेल्या जवळपास प्रत्येकानं सांगितलं, "डिफरन्शियल वेल्ड करून टाक." त्यामागचं कारण खरं आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की त्याला विरोधच राहत नाही, आणि दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. वेल्ड केला की हा प्रश्न सुटतो, पण गाडी वळायची बंद होते. १९७० मध्ये आलेल्या होंडाच्या तीनचाकी एटीव्हींना डिफरन्शियल नव्हता, मागचा एक्सल अखंड. त्या वळवायला चालकाला अंग टाकून वजन सरकवावं लागे. अशा गाड्यांचे इतके अपघात झाले की १९८८ मध्ये अमेरिकेत सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर कंपन्यांनी तीनचाकी विकणं थांबवलं. आमच्या उतारावर, पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला ती कसरत मला करायला लावायची नाही. शिवाय रिक्षाचे ड्राइव्ह शाफ्ट एवढा पीळ सोसायला बनलेलेच नाहीत.

उत्तर आपल्या गोठ्याशेजारीच उभं असतं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक असतात, रस्त्यावर खटक्यानं जोडायचे आणि रानात सोडायचे. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की डिफरन्शियलला विरोध मिळतो, आणि तेवढाच जोर घट्ट जमिनीवरच्या चाकाला जातो. बांधाच्या टोकाला आतलं चाक धरून गाडी जागच्या जागी वळवताही येते. यासाठी रिक्षाच्या मागच्या ड्रमच्या दोन्ही लाइन वेगळ्या केल्या. दोन सारखे मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल ढकलणारे), दोन पायडल आणि मधे खटका. पायडल तयार आहेत, खटकाही बसतो. नव्या पाइपांची टोकं फ्लेअर करायची, म्हणजे फुलवायची, राहिली आहेत.

अडलंय ते पुढच्या ब्रेकवर. हँडलवर पल्सरच्या डिस्कचा मास्टर सिलिंडर लावून मारुतीचे दोन ड्रम चालवायचा विचार आहे. पण डिस्कचे पॅड केसभर सरकतात आणि ड्रमचे लायनर त्याहून बरेच, म्हणजे तेल जास्त ढकलावं लागणार. लिव्हर मुठीला टेकेपर्यंत ब्रेक लागला नाही तर तो ब्रेक काय कामाचा? लायनर अगदी जवळ अ‍ॅडजस्ट करून भागेल, की मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर शोधावा? कुणी दुचाकीच्या हँडल-सिलिंडरवर गाडीचे ड्रम चालवले असतील तर दोन्हींचे बोअर आणि लिव्हरचा खेळ किती राहिला ते जरूर कळवा. तोवर मागची लाइन भरून, हवा काढून, गाडी स्टँडवर चढवून एकेका चाकाला ब्रेक देऊन बघतो.