तुम्ही विचारलंत म्हणून: एमडी-पीएचडीला नंबर लागेल का?

गेल्या सप्टेंबरात आमच्या मंडळाच्या गणपतीला मी महाप्रसादाच्या रांगेत उभी होते. हातात कागदी ताट, पुढे तीस-चाळीस माणसं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही त्या मेडिकल स्कूलमध्ये ॲडमिशनचं बघता ना? आमच्या ह्याचा जीपीए ३.८५ आहे, एमकॅट ५१७. एमडी-पीएचडीला नंबर लागेल का?" 'हा' शेजारीच उभा होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

हा प्रश्न मला गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या तरी बारशात, हमखास येतो. मी औषध न देणारी डॉक्टर. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी केलं, अमेरिकेत पीएचडी केली, आता इथल्या एका मेडिकल स्कूलमध्ये माझी लॅब आहे आणि गेली काही वर्षं एमडी-पीएचडीच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवर मी बसते. (इथली एमडी म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी, फक्त ती कॉलेजच्या पदवीनंतर करतात. ती आणि पीएचडी एकत्र करायचा जोड अभ्यासक्रम म्हणजे एमडी-पीएचडी. जीपीए म्हणजे कॉलेजातले मार्क, ४ पैकी, आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा.) रांगेत उभ्याउभ्या मी एरवी "लागेल हो, छान आहेत मार्क" असं म्हणून सुटका करून घेते. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पुरं उत्तर ताटावर मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी आकडे, कारण तुम्ही आकड्यांतच विचारता. अमेरिकेत एमडी-पीएचडीसाठी दरवर्षी अठराशे ते दोन हजारांच्या आसपास मुलं अर्ज करतात आणि सातशेच्या आसपास प्रवेश घेतात. नुसत्या एमडीला पन्नास हजारांवर अर्जदार आणि तेवीस हजारांच्या आसपास जागा. म्हणजे भागाकार केला तर दोन्हीकडचं प्रमाण फार लांब नाही. हे सांगितलं की पालकांचे चेहरे उजळतात. पण ते अठराशे-दोन हजार आधीच चाळणीतून आलेले असतात. ज्याने लॅबमध्ये दोन-तीन वर्षं काढलेली नाहीत, तो बहुधा या वाटेला फिरकतच नाही. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एमकॅट ५२८ पैकी ५१६ च्या आसपास आणि जीपीए ३.८ च्या आसपास असतो. तेव्हा त्या मुलाचे मार्क अगदी मधोमध होते. एवढ्या मार्कांनी फाईल उघडली जाते. त्यापुढे मार्कांचं नाव समितीत क्वचितच निघतं.

मग नाव कशाचं निघतं? आमच्याकडे अर्जात तीन निबंध असतात. एक सगळ्याच एमडीवाल्यांचा, ५,३०० अक्षरांचा. दुसरा, दोन्ही पदव्या का हव्यात, तो ३,००० अक्षरांचा. तिसरा संशोधनाच्या अनुभवाचा, तब्बल १०,००० अक्षरांचा. या लांबीवरूनच कळतं की समितीला काय वाचायचं असतं. गंमत म्हणजे मुलं सगळा जीव पहिल्या दोन निबंधांत ओततात. 'मला प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यामध्ये पूल बांधायचा आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की तेवढे पूल मुळा-मुठेवरही नसतील. आणि तिसऱ्या निबंधात मात्र लॅबच्या वेबसाइटवरचा मजकूर उतरवल्यासारखं काहीतरी: आम्ही अमुक प्रथिनाचा अभ्यास केला, तमुक तंत्र वापरलं. 'आम्ही' वाचलं की माझी पेन्सिल थांबते. तू काय केलंस, बाळा?

एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नावाजलेलं कॉलेज, एमकॅट ५२०च्या वर, दोन शोधनिबंधांवर नाव. मी त्याची आकृती समोर ठेवली आणि विचारलं, "यात तुझा कंट्रोल कुठला?" म्हणजे तुलनेसाठी ज्याला हात लावला नाही तो नमुना. तो म्हणाला, "ते पोस्टडॉक ठरवायचे." म्हणजे लॅबमधले पीएचडी झालेले संशोधक. बरं, मग तो कंट्रोल का निवडला असेल? शांतता. मुलगा हुशार होता, कष्टाळूही होता. पण तीन वर्षं त्याने दुसऱ्याच्या प्रश्नासाठी नळ्या भरल्या होत्या आणि प्रश्न स्वतःचा करून घेण्याची वेळ त्याच्यावर कुणी आणलीच नव्हती. आमच्याकडे त्याचा नंबर लागला नाही. त्याच वर्षी लहानशा कॉलेजातून आलेली, ५११ एमकॅटवाली एक मुलगी निवडली गेली. तिच्या कॉलेजात धड लॅब नव्हती, म्हणून पदवीनंतर तिने दोन वर्षं एका लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी केली. तिला तिच्या प्रयोगाच्या भिंती कुठे पातळ आहेत ते पाठ होतं. आम्ही शंका काढायच्या आधी तीच काढत होती.

इथे पालकांचा एक मोठा गैरसमज सांगायला हवा. पदवीनंतरची ती दोन वर्षं आपल्याकडे 'वाया गेली' म्हणतात. आपल्या हिशोबात बारावीनंतर गाडी कुठेही थांबता कामा नये. इथे प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एखाद-दोन वर्षं कुठेतरी संशोधन करून आलेली असतात. तिसऱ्या वर्षात असलेला तुमचा मुलगा 'यंदाच अर्ज करू का' विचारत असेल आणि त्याचं लॅबमधलं काम दोन उन्हाळ्यांपुरतंच असेल, तर माझं उत्तर जवळपास नेहमी 'थांब' असतं. शिफारसपत्रंही त्याने जिथे जिथे काम केलं त्या प्रत्येक लॅबच्या प्रमुखाकडून मागितली जातात. एखादं पत्र नसलं की आम्ही लगेच विचारतो, का नाही? आणि हो, शाळेत असताना ओळखीच्या काकांच्या लॅबमध्ये घालवलेले सहा आठवडे आम्हाला वासावरून कळतात. ("तुमच्या लॅबमध्ये घ्याल का?" हा माझ्याकडे येणारा दुसरा हमखास प्रश्न. त्याचं उत्तर मी वेगळं लिहीन.)

शोधनिबंधावर नाव हवंच का? नाही. असलं तर छान, नसलं तर काही बिघडत नाही. रुग्णालयात थोडंफार काम, डॉक्टरांसोबत फिरणं हवं. नाहीतर 'मग नुसती पीएचडी का नाही?' या प्रश्नावर गाडी अडते.

आता पैशाचं. बऱ्याच घरांत हा विषय इथूनच सुरू होतो, फक्त कुणी तोंडाने बोलत नाही. चांगल्या एमडी-पीएचडी कार्यक्रमांत मेडिकलची फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. एमडी होणाऱ्या कर्जदार मुलांच्या डोक्यावर शेवटी साधारण दोन लाख डॉलर कर्ज असतं, तेव्हा हे लाडूच वाटणार. फुकट ते पौष्टिक! पण हिशोब पुरा करा. कार्यक्रम सरासरी आठ वर्षांचा: दोन वर्षं मेडिकल, मग चारेक वर्षं पीएचडी, मग उरलेली मेडिकलची. त्यानंतर रेसिडेन्सी, फेलोशिप, म्हणजे रुग्णालयातलं पुढचं प्रशिक्षण. स्वतःची लॅब हातात येईस्तोवर चाळिशी दिसायला लागते. त्या वर्षांत त्याच्या वर्गातला साधा एमडी कर्ज फेडून, घर घेऊन, मुलांना कराटेला सोडत असतो. नुसत्या पैशाच्या गणितात एमडी-पीएचडी हरते, आणि चांगलीच हरते. फी वाचते म्हणून जाणारी मुलं पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, उंदरांची एक अख्खी पिढी फुकट गेल्यावर, कशाला धरून राहणार?

सरकार हा पैसा का घालतं, तेही सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, १९६४ मध्ये तीन मेडिकल स्कूलना अनुदान देऊन एमएसटीपी नावाचा हा उपक्रम सुरू केला. त्याआधी १९५६ मध्ये क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्हने दोन्ही पदव्यांचा जोड अभ्यासक्रम काढला होता. रुग्ण बघणारे संशोधन करत नाहीत आणि संशोधन करणाऱ्यांनी रुग्ण बघितलेला नसतो, ही अडचण तेव्हाही होती. १९७९ मध्ये जेम्स विनगार्डन यांनी संशोधक डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जमात आहे, असा लेखच लिहिला. पुढे तेच एनआयएचचे संचालक झाले. आज अशा एमएसटीपी पन्नासहून जास्त आहेत आणि सरकारी अनुदान नसलेले कार्यक्रम धरले तर आकडा शंभराच्या पुढे जातो. तरीही अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी संशोधन हेच मुख्य काम असणारे दीड-दोन टक्क्यांच्या घरातच आहेत.

पण हाच एक रस्ता आहे असं समजू नका. कोलेस्टेरॉल पेशीत कसं शिरतं हे शोधून १९८५ चं नोबेल मिळवणारे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन दोघेही नुसते एमडी. २०१२ चं नोबेल मिळवणारे रॉबर्ट लेफ्कोविट्झही तसेच. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुण डॉक्टरांना लष्करात बोलावलं जाई. एनआयएचमधली नोकरी त्या सेवेत धरली जात असे. त्यामुळे हे तिघे आणि हॅरल्ड व्हार्मस एकाच सुमारास तिथे पोचले आणि संशोधन तिथेच शिकले. व्हार्मस यांची गोष्ट मी नकार आलेल्या प्रत्येक मुलाला सांगते. इंग्रजी साहित्यात एमए केलेल्या या गृहस्थांना हार्वर्ड मेडिकल स्कूलने दोनदा परत पाठवलं होतं. ते कोलंबियातून डॉक्टर झाले, १९८९ चं नोबेल घेतलं आणि एनआयएचचे संचालक झाले. दुसऱ्या बाजूला, २०२३ चं नोबेल मिळवणारे ड्रू वाइसमन एमडी-पीएचडीच आहेत, बोस्टन विद्यापीठाचे. एमआरएनए लशीमागचं त्यांचं आणि कॅटालिन कारिको यांचं काम कोविडमुळे घरोघर पोचलं, त्याआधी बरीच वर्षं फारसं कुणी त्याकडे बघत नव्हतं.

आता जे बोलताना माझा आवाज खाली येतो ते. एमएसटीपीचा सरकारी पैसा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतो. आपल्या कितीतरी घरांत आईवडील एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं, आणि चौथ्या वर्षी इथे आलेला मुलगा एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसावरून उतरून परदेशी विद्यार्थी होतो. उच्चार इथला, शाळा इथली, मार्क उत्तम, आणि बहुतेक दारं बंद. स्वतःच्या निधीतून परदेशी मुलं घेणारी मोजकी विद्यापीठं आहेत. यादी करताना पहिल्याच दिवशी प्रत्येक ठिकाणचा नियम बघा, निबंध लिहून झाल्यावर नव्हे. अशा मुलाची शक्यता विचारली की मी आकडा सांगत नाही. पुण्याहून, नागपूरहून फोन येतात, "आमची एमबीबीएस आहे, तिला हे करता येईल का?" त्यांनाही सांगते: तिने वैद्यकीय पदवी आधीच घेतली आहे, हा दरवाजा तिचा नाही. तिने इथली रेसिडेन्सी संशोधनाच्या वाटेने करावी किंवा सरळ पीएचडी करावी. दोन्ही वाटांनी आलेली माणसं माझ्याच मजल्यावर काम करतात.

त्यात २०२५ मध्ये एनआयएचची कितीतरी अनुदानं मध्येच रद्द झाली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा घटवल्या. तेव्हा जुन्या वर्षांच्या आकड्यांवर पैजा लावू नका.

तर ती रांग. मी त्या मुलाला विचारलं, "तुझा कुठला प्रयोग फसला?" त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. मग हळूहळू बोलायला लागला. तो झेब्राफिशवर काम करतो. ही बोटाच्या पेराएवढी मासळी, तिचे भ्रूण पारदर्शक असतात. एका औषधाने भ्रूण भराभर वाढताहेत असं त्याला दिसलं, तीनदा दिसलं, लॅबमध्ये सगळे खूष. मग त्याच्या लक्षात आलं की औषधाच्या बशा तो नेहमी इनक्युबेटरच्या वरच्या खणात ठेवतो आणि कंट्रोलच्या खालच्या. त्याने कुणाला न सांगता खण बदलले. आता कंट्रोलचे भ्रूण भराभर वाढायला लागले. दाराच्या पडद्यावर साडेअठ्ठावीस अंश दिसत होते, वरच्या खणात त्याहून दोन-तीन अंश जास्त होते. उबेत मासे लवकर वाढतात, एवढंच. औषधाचं काहीच नव्हतं. सोमवारी त्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं.

"निबंधात लिहिलंस हे?" मी विचारलं.

"नाही. त्यातून काही निघालंच नाही ना."

दहा हजार अक्षरं याच्यावरच खर्च कर, असं मी त्याला सांगितलं आणि वडिलांकडे वळले. नंबर लागण्याबद्दल आता बोलता येईल असं मला वाटत होतं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर, कारखान्यांत तापमानाची यंत्रं बसवण्यात आयुष्य गेलेलं. रांग पुढे सरकली होती, मागचे लोक खोकत होते, आणि ते मुलाला विचारत होते, "पण सेन्सर कुठल्या खणात होता?"