तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या जांभ्यात प्लॅटिनम असेल का?

लाल जांभ्यात निकेल साठतं, निकेलसोबत प्लॅटिनम येतं, मग आमच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) काही मिळेल का, असं कोकणातली मंडळी नेहमी विचारतात. उत्तर जांभ्याच्या रंगात नाही, त्याच्या खाली कुठला खडक आहे त्यात आहे.

जांभा हवा-पाण्याने तयार होतो आणि तो जवळजवळ कुठल्याही खडकाचा होऊ शकतो. रायगड-रत्नागिरीत खाली बहुतेक ठिकाणी काळा बसाल्ट. त्यात निकेल टनाला साधारण 100 ग्रॅम. पेरिडोटाइट (पृथ्वीच्या खोल भागातला, मॅग्नेशियम भरपूर असलेला खडक) किंवा पाण्याच्या क्रियेने त्यापासून झालेल्या सर्पेंटाइनात तेच टनाला 2 किलोच्या आसपास असतं. निकेलचे खरे साठे अशा खडकावर होतात, ओडिशातल्या सुकिंद्यासारखे. त्यामुळे चिरेखाणीतल्या चिऱ्यात प्लॅटिनम शोधू नका. काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळूही इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजांची आहे, प्लॅटिनमची नव्हे. कणकवली तालुक्यात जानवली आणि वागदे इथे मात्र क्रोमाइट (क्रोमियम-लोखंडाचं खनिज) धरून असलेले अतिअल्पसिलिक, म्हणजे पेरिडोटाइटसारखे सिलिका फार कमी असलेले खडक आहेत. तिथे हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

अशा खडकात प्लॅटिनम गटातल्या सहा धातूंपैकी रुथेनियम, ऑस्मियम आणि इरिडियम बहुतेक वेळा क्रोमाइटच्या दाण्यात अडकलेले असतात. रुथेनियम गंधकाशी जोडलेलं, म्हणजे लॉराइट. बाकीचे मिश्रधातूच्या रूपात. हे कण बहुधा 10-20 मायक्रॉनपेक्षा लहान असतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्लॅटिनम आणि पॅलेडियम बऱ्याचदा निकेल-तांब्याच्या सल्फाइडांजवळ (गंधकयुक्त खनिजांजवळ) असतात. खडक झिजायला लागला की सल्फाइड आधी जातात आणि हे दोघे उघडे पडतात.

क्रोमाइट सहजासहजी झिजत नाही, म्हणून आतलं लॉराइट सुरक्षित राहतं. पण दाण्याला भेग पडली की पाणी आत शिरतं. खडकाचं सर्पेंटाइन होत असताना, ऑक्सिजन कमी असलेल्या अवस्थेतच लॉराइटमधलं गंधक निघून जायला लागतं आणि मागे सच्छिद्र रुथेनियम-ऑस्मियम-इरिडियम उरतं. पुढे जांभ्यात ऑक्सिजन भरपूर. तिथे त्या छिद्रांत लोखंडाची ऑक्साइडं भरतात, कणाच्या काही भागाचंही ऑक्साइड होतं. सूक्ष्मदर्शकाखाली असा कण स्पंजासारखा दिसतो, कडा कुरतडलेल्या. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या निकेल जांभ्यात असे सच्छिद्र कण सापडले आहेत, आणि तिथेच खरा वाद आहे: हे कण मूळ खडकातून उरलेले की मातीतच नव्याने वाढलेले? काही कणांची रचना इतकी नाजूक आहे की ते वाहून आले असते तर मोडलेच असते. माझ्या मते दोन्ही घडतं: गाभा जुना, पण बारीक कणांचं एकमेकांना चिकटणं आणि लोखंडाशी गुंफणं मातीतलं.

पॅलेडियमचा स्वभाव वेगळा. आम्ल आणि क्लोराइड असलेल्या, ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते प्लॅटिनमपेक्षा लवकर विरघळतं आणि खाली सरकतं. त्यामुळे खडकापासून वरच्या थराकडे येताना प्लॅटिनम-पॅलेडियमचं गुणोत्तर वाढत गेलं, तर पॅलेडियम धुपलं असं समजायचं. कोकणात खारा वारा आहे, पण वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊसही आहे. तो क्लोराइड पातळ करून वाहून नेतो. म्हणून समुद्र जवळ आहे एवढ्यावरून पॅलेडियम विरघळलंच असेल, असं धरू नका.

आता आकडे. मूळ खडकात प्लॅटिनम टनाला 10 मिलिग्रॅम धरू. मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन जाऊन 100 टनांतले 25 टन उरले, तर न विरघळलेला धातू चौपट दिसेल: टनाला 40 मिलिग्रॅम. खाणीला टनामागे काही ग्रॅम लागतात. म्हणजे नुसत्या झिजेने साठा होत नाही. मूळ खडकच समृद्ध हवा.

नमुना घेताना कड्यावरचा दगड उचलून आणू नका. वरचा कठीण थर दुसरीकडून आलेला असू शकतो. खड्डा खणा, मूळ खडकापर्यंत पोचा, दर मीटरला 10 किलो माती घ्या, आणि न हलणारा (पाण्यात विरघळून वाहून न जाणारा) धातू म्हणून टायटॅनियमही मोजा. प्लॅटिनम टायटॅनियमच्याच प्रमाणात वाढलं असेल, तर ती फक्त झीज आहे.

सर्वांत मोठा धोका नमुन्याच्या कमी वजनाचा. 50 मायक्रॉनचा प्लॅटिनम-लोखंडाचा एकच कण 30 ग्रॅमच्या नमुन्यात आला, तरी निकालात टनाला सुमारे 35 मिलिग्रॅमची भर पडते. वर काढलेली चौपट वाढ एकट्या कणाने दाखवली असू शकते! दुसरा धोका क्रोमाइटचा: ते आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळत नाही, त्यामुळे आतलं लॉराइट मोजलंच जात नाही. निकेल आणि गंधक घालून भट्टीत नमुना वितळवण्याची पद्धत मागा. तिच्यात सहाही धातू निकेल सल्फाइडच्या गोळीत गोळा होतात. क्रोमाइट जास्त असेल तर प्रयोगशाळा नमुना कमी घेते, आणि कण चुकण्याची शक्यता उलट वाढते. म्हणून एकाच मातीच्या किमान तीन चाचण्या करून घ्या. त्यांत मोठा फरक आला तर सरासरी काढू नका. उरलेली माती धुऊन जड भाग वेगळा करा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली बघा. लोहचुंबक मात्र लावायची घाई नको, कारण प्लॅटिनम-लोखंडाचे काही कणही त्याला चिकटतात.