बर्फ नको म्हणाले काका

मी बॉस्टनजवळ फिजिओथेरपिस्ट आहे आणि ऑगस्टचा पहिला वीकेंड आला की पॅन-मास चॅलेंज या सायकल राइडला टेबल लावून उभी असते. स्टरब्रिजहून केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत, दोन दिवसांत ३०० किलोमीटरच्या आसपास सायकल. बिली स्टार यांची आई मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरने गेली, १९८० मध्ये त्यांनी ३६ जणांना घेऊन हे सुरू केलं, आता हजारो लोक येतात आणि रायडर्सनी जमवलेला सगळा पैसा बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला, कॅन्सरच्या संशोधनाला अन् उपचारांना जातो.

शनिवारचा मुक्काम मॅरिटाइम अकॅडमीत. दुपारभर पोटऱ्यांचे गोळे आणि आखडलेल्या माना चालू होत्या, तेवढ्यात साठीचे एक काका हात झटकत आले, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. हे आमच्याकडे नेहमीचं, तासन्‌तास हँडलवर भार पडला की तळव्यापाशी अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, दाबली जाते. मी सवयीने बर्फाची पिशवी उचलली तर त्यांनी हात मागेच घेतला. "बर्फ नको. केमोपासून गार सोसत नाही."

मग डोळे मिटायला सांगून कापूस फिरवला, तर दहाही बोटांच्या टोकांना काही कळेना. चार वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमोचं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन, ते नसांना इजा करतं. कॅन्सर गेला, बधिरपणा राहिला.

मला धस्स झालं कारण रविवारी उजाडायच्या सुमाराला वाटेतला बोर्न ब्रिज हा पूल, मागेपुढे सायकलीच सायकली आणि ह्यांना ब्रेक हाताला जाणवणार नाही. "उद्या गाडीत बसा" म्हणणं सोपं होतं. पण मी अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला लावून ओढला, सुटेना. म्हणजे ताकद शाबूत होती, गेला होता तो स्पर्श. सायकल मागवली, वीसेक वेळा ब्रेक दाबून घेतले, डॉक्टरांना दाखवलं, मेकॅनिकने हँडल जरा वर घेऊन टेपचा अजून एक थर दिला. अट एकच, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायची आणि उतारावर पुढच्याच्या जवळ जायचं नाही.

टेप लावेपर्यंत काका म्हणाले, "सायकल जमते, शर्टाचं बटण नाही जमत. बायको लावते. ह्याच्यावर पण काम करतंय ना कुणी?" करतायत, मी म्हटलं. दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिनचा थोडा उपयोग होतो, पण बधिरपणावर अजून औषध नाही, हेही सांगितलं, खोटं बोलवेना. पेशंट वाचला की आपण फाइल बंद करतो, हे बटण कुणी मोजतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पहाटे मुद्दाम उठून गेटवर उभी राहिले. काका आले, थांबले नाहीत, मला दिसतील असे दोन्ही ब्रेक एकदा हलकेच दाबले आणि पुलाकडे वळले.